सोमवार, सकाळी ११ : डिस्क भरते त्या क्षणापर्यंतचा घटनाक्रम

२९ ऑगस्ट २०२३ रोजी टोयोटाचे जपानमधले सगळे १४ कारखाने बंद पडले, तेव्हा पहिला संशय सायबर हल्ल्याचा आला. संशयाला आधारही होता. दीड वर्षापूर्वी, फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस, सुटे भाग पुरवणाऱ्या कोजिमा इंडस्ट्रीजवर असा हल्ला झाला होता आणि त्यामुळे १ मार्चला हेच १४ कारखाने एक दिवस थांबले होते. या वेळी मात्र कारण निघालं अगदी साधं, तालुक्याच्या गावातल्या कचेरीतही घडेल असं : सर्व्हरच्या डिस्कवर जागा उरली नव्हती.

पुढे दोन घटनाक्रम दिले आहेत. पहिला टोयोटाचा, खुद्द कंपनीने जाहीर केलेला. दुसरा नमुन्यादाखल मांडलेला : इंदूर जिल्ह्यातल्या देपालपूरला, सोयाबीनच्या हंगामात, एका व्यापारी पेढीची व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक, जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर नेली जात आहेत. पेढी आणि तिचे आकडे उदाहरणाचे आहेत. प्रत्येक टप्प्यावर यंत्र जसं वागतं ते मात्र खरं आहे.

टोयोटा, ऑगस्ट २०२३

रविवार, २७ ऑगस्ट. कारखाने थांबायला दोन दिवस. सुट्या भागांच्या मागण्या हाताळणाऱ्या सर्व्हरवर नियमित देखभाल चालू आहे. डेटाबेसमध्ये साचलेली माहिती पुसून नीट लावण्याचं काम आहे. त्या कामातच जागा अपुरी पडते, त्रुटी येते आणि प्रणाली थांबते. पुसताना जागा कमी कशी पडेल, असं कुणालाही वाटेल. पण डेटाबेस एखादी नोंद पुसतो तेव्हा ती परत आणता यावी म्हणून सहसा आधी दुसरीकडे लिहून ठेवतो. तक्ता नव्याने लावायचा तर बहुधा त्याची दुसरी प्रत तयार करतो. त्यामुळे साफसफाईच्या वेळीच जागेची गरज सर्वांत जास्त असू शकते.

सोमवार, २८ ऑगस्ट. एक दिवस. भागांच्या मागण्यांवर प्रक्रिया होईनाशी होते. राखीव यंत्रणेकडे वळायचा प्रयत्न फसतो, कारण मूळ आणि राखीव सर्व्हर एकाच प्रणालीवर चालत होते. मुळात जो बिघाड झाला तोच राखीव यंत्रणेतही झाला.

मंगळवार, २९ ऑगस्ट, सकाळ. १२ कारखान्यांतल्या २५ उत्पादन-रेषा सुरूच होत नाहीत. एका मोटारीत लहानमोठे सुमारे ३०,००० भाग असतात आणि हवं तेव्हा, हवं तेवढंच मागवायचं ही टोयोटाची जगभर गाजलेली पद्धत आहे. गोदामात महिनाभराचा साठा नसतो. मागणी गेली नाही की भाग येत नाही, आणि भाग आला नाही की रेषा थांबते.

मंगळवार, दुपार. उरलेले दोन कारखानेही थांबतात. १४ कारखाने, २८ रेषा, सगळं बंद. त्याच दिवशी माहिती जास्त क्षमतेच्या सर्व्हरवर हलवली जाते आणि प्रणाली पूर्ववत होते. बुधवारी उत्पादन पुन्हा सुरू होतं.

६ सप्टेंबर. कंपनी कारण जाहीर करते : अपुरी डिस्क, एकाच प्रणालीवरची राखीव यंत्रणा, आणि सायबर हल्ला नाही.

या घटनेचा आपल्याशी संबंध दूरचा नाही. टोयोटा किर्लोस्करने ३१ जुलै २०२४ रोजी छत्रपती संभाजीनगरजवळ सुमारे २०,००० कोटींच्या प्रकल्पासाठी महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला. देपालपूर तालुक्यातल्या बेटम्याहून पीथमपूरची वाहन-उद्योगाची वसाहत जवळ आहे. पुण्याच्या फोर्स मोटर्सचा कारखाना तिथेच आहे. अशा वसाहतींभोवती शेकडो लहान पुरवठादार, वाहतूकदार, गोदामं आणि पेढ्या असतात. त्यांच्याकडे टोयोटाइतके अभियंते नसतात. एक सर्व्हर असतो आणि तो सांभाळणारा एक माणूस असतो.

हलवाहलव का सुरू झाली

ब्रॉडकॉम कंपनीने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हर्च्युअल मशीनच्या प्रणाली बनवणारी व्हीएमवेअर विकत घेतली. पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाने विकणं बंद झालं, सगळं वर्गणीवर आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ईएसएक्सआय या तिच्या प्रणालीची मोफत आवृत्तीही थांबली. ती एप्रिल २०२५ मध्ये परत आली, पण तोवर अनेकांनी निघायचं ठरवलं होतं. कुणी हायपर-व्ही घेतलं, कुणी न्यूटॅनिक्स, आणि लहान कचेऱ्यांपैकी पुष्कळांनी व्हिएन्नाच्या कंपनीचं मुक्त-स्रोत प्रॉक्समॉक्स. एप्रिल २०२४ च्या ८.२ आवृत्तीत प्रॉक्समॉक्सने ईएसएक्सआयवरची मशीन थेट आयात करायची सोयही दिली. काम सोपं दिसू लागलं, आणि इथेच थिन डिस्कचा धोका नजरेआड होतो.

थिन डिस्क म्हणजे व्हर्च्युअल मशीनला ५०० जीबी दाखवायचे, पण प्रत्यक्षात जेवढं लिहिलं जाईल तेवढीच जागा द्यायची. इंदूर होळकरशाहीपासून हुंडीची पेठ आहे, तेव्हा त्याच भाषेत सांगायचं तर पेढीने तिजोरीतल्या रोकडीपेक्षा जास्त रकमेच्या हुंड्या लिहिल्या आहेत. सगळे एकाच दिवशी वटवायला येत नाहीत तोवर व्यवहार उत्तम चालतो. ही लबाडी नाही, चांगली सोय आहे. तिजोरीत किती आहे यावर रोज नजर ठेवणारा मुनीम मात्र लागतो.

देपालपूर, सोयाबीनचा हंगाम

शुक्रवार, रात्री ९. शून्य तासाला ६२ तास बाकी.
जुन्या सर्व्हरवर सात व्हर्च्युअल मशीन आहेत. सातांना मिळून कबूल केलेली जागा ४ टीबी. डेटास्टोअरवर, म्हणजे जुन्या सर्व्हरच्या साठ्यावर, व्यापलेली दिसते १.३ टीबी. नव्या सर्व्हरवर थिन डिस्कना जागा पुरवणारा सामायिक साठा, एलव्हीएम-थिन पूल, १.८ टीबीचा आहे. १.३ हे १.८ मध्ये बसतात, अर्धा टीबी शिल्लक राहतो, असा हिशेब मांडला जातो.

तिसरा आकडा कुणी काढत नाही. सातही मशीनच्या आत जाऊन पाहिलं असतं तर जिवंत माहिती ०.९ टीबीच निघाली असती. मधले ०.४ टीबी म्हणजे कधीकाळी लिहून पुसलेल्या फाइलींचे अवशेष. आतल्या प्रणालीने त्या पुसल्या, पण ती जागा खालच्या साठ्याला परत केली नाही. हे अवशेष शून्यं नाहीत, जुनी माहिती आहे. त्यामुळे रूपांतराचं हुशार साधनही त्यांना रिकामी जागा समजत नाही, सगळे नव्या घरी घेऊन जातं. लिनक्समध्ये एफस्ट्रिम, विंडोजमध्ये एसडिलीटने मोकळ्या जागेवर शून्यं लिहिणं, एवढं आज रात्री केलं तर ओझं जवळपास एक-तृतीयांशाने उतरेल.

शनिवार, दुपारी १. ४६ तास.
सहा मशीन क्यूईएमयू-इमेजने आली. हे साधन शून्यांचे सलग पट्टे ओळखून गाळतं, त्यामुळे सहा डिस्क नव्या घरीही थिनच राहिल्या. आता सर्वांत महत्त्वाचं मशीन : हिशेबाचा डेटाबेस. त्याची डिस्क ६०० जीबीची, व्यापलेले २५० जीबी. आयात मध्येच तुटली म्हणून फाइल आधी साध्या पद्धतीने नव्या सर्व्हरवर उतरवली आणि मग डीडी आज्ञेने पूलवर ओतली.

डीडी आपणहून शून्यं गाळत नाही. रिकामा भागही शून्यं म्हणून लिहितो आणि थिन पूलच्या दृष्टीने लिहिलेलं शून्यही लिहिलेलंच असतं. ६०० जीबीची डिस्क पूर्ण ६०० जीबी व्यापून बसली.

शनिवार, रात्री ११. ३६ तास.
सातही मशीन सुरू झाली. लॉगिन होतं, छपाई होते, डेटाबेस उघडतो. प्रत्येक मशीनच्या आत डिस्कवर भरपूर जागा दिसते. पूल १.६५ टीबीवर, म्हणजे जवळपास ९२ टक्के. हा आकडा नव्या सर्व्हरच्या पडद्यावर आहे. समाधान मात्र मशीनच्या आतल्या पडद्यावरून मिळालं आहे.

एलव्हीएमची निगराणी ८० टक्क्यांपासून पुढे इशारे देते, पण ते लॉगमध्ये लिहिले जातात. पूल आपोआप वाढवायची सोय असते, तीही मुळात बंद असते. चालू केली तरी वाढायला डिस्कच्या गटात (व्हॉल्यूम ग्रुपमध्ये) मोकळी जागा हवी. इथे अख्खी डिस्क पूललाच देऊन टाकली आहे.

रविवार, पहाटे २. ३३ तास.
विंडोजची स्वयंचलित देखभाल ठरावीक वेळी जागी होते. आयात करताना डिस्कच्या पर्यायांत डिस्कार्डवर, म्हणजे पुसलेली जागा पूलला परत देण्याच्या सोयीवर, खूण केली नव्हती.  त्यात विंडोज ही डिस्क साधी फिरती हार्ड डिस्क समजतं आणि फाइली एकत्र लावू लागतं. लावणं म्हणजे एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी लिहिणं. नवी जागा पूलमधून जाते, सुटलेली जागा परत येत नाही. सकाळपर्यंत ६० जीबी गेले. पूल ९५ टक्के. मशीनच्या आत वापर तसूभरही वाढलेला नाही.

रविवार, दुपारी ३. २० तास.
अद्ययावत करण्याआधी खबरदारी म्हणून सातही मशीनचे स्नॅपशॉट घेतले जातात. हेतू चांगला आहे. पण स्नॅपशॉट घेतला की त्या क्षणीचे सगळे ब्लॉक गोठतात. त्यावर पुढे जे लिहिलं जाईल त्याला नवी जागा लागते. पूर्ण व्यापून बसलेली डेटाबेसची डिस्कही आता पुन्हा नव्याने जागा मागू लागते. अद्यतनं उतरतात, आणखी ४० जीबी जातात. पूल ९७ टक्के. ५० जीबी शिल्लक.

शून्य तासाआधीचा हा शेवटचा निवांत टप्पा. पूलचा टक्का पाहून एक डिस्क जोडली, किंवा काम झाल्यावर स्नॅपशॉट काढून टाकले, तर सोमवार इतर सोमवारांसारखाच उजाडेल.

सोमवार, सकाळी ९. २ तास.
मंडीत ट्रॉल्या लागल्या आहेत. पेढीवर सौदे नोंदवले जात आहेत. नवा सर्व्हर जुन्यापेक्षा वेगवान आहे, सगळे खूश आहेत. डेटाबेसच्या मशीनमध्ये ३०० जीबीपेक्षा जास्त जागा मोकळी दिसते.

सोमवार, सकाळी १०.३०. अर्धा तास.
हिशेबाच्या कार्यक्रमाची नेहमीची बॅकअप सुरू होते. जुनी फाइल पुसायची, तेवढीच नवी लिहायची, असा वर्षानुवर्षांचा क्रम. मशीनच्या आत जमाखर्च शून्य. पूलवर मात्र फक्त खर्च : पुसलेलं परत येत नाही आणि नवं लिहिलेलं गोठलेल्या ब्लॉकवर बसत नाही. शिल्लक ५० जीबी उतरू लागतात.

सोमवार, सकाळी ११. शून्य तास.
पूल १०० टक्के. लिनक्सचा थिन पूल लगेच हात वर करत नाही. मूळ मांडणीत तो ६० सेकंद लेखन रोखून धरतो, जागा वाढेल म्हणून वाट पाहतो. एक मिनिट पडदे अडकल्यासारखे वाटतात. मग त्रुटी परत जाते आणि प्रॉक्समॉक्स त्या मशीनला जागच्या जागी थांबवतं. नावापुढे पिवळा त्रिकोण, स्थिती : आय-ओ एरर. जागा बॅकअपने संपवली, पण पूल सातांचा आहे; जे जे मशीन नव्या जागेवर लिहू पाहतं ते ते थांबतं. काही मिनिटांत सातही थांबतात. ईएसएक्सआय अशा वेळी मशीन थांबवून विचारतं : पुन्हा प्रयत्न करू की सोडून देऊ? हायपर-व्ही त्याला गंभीर कारणाने थांबवलेलं म्हणतं. प्रणाली बदलली तरी शून्य तास तोच राहतो.

सोमवार, ११.१५. खरं नुकसान इथून पुढे.
थांबलेलं मशीन मेलेलं नसतं. त्याची स्मृती शाबूत आहे, जागा मिळाली तर ते अर्ध्या वाक्यातून पुढे सुरू होऊ शकतं. म्हणून इथे घाईने केलेली प्रत्येक कृती मूळ बिघाडापेक्षा महाग पडते.

जबरदस्तीने रीसेट केलं तर स्मृतीत असलेलं पण डिस्कवर न उतरलेलं सगळं जातं. डेटाबेस उठताना स्वतःची दुरुस्ती करू पाहतो, त्यालाही लिहायला जागा लागते, ती नसते, आणि बिघाड खोल जातो.

मशीनच्या आत फाइली पुसून जागा होत नाही, कारण डिस्कार्ड बंद आहे. त्यात पुसणं हेही एक लेखनच आहे.

जुन्या सर्व्हरची डिस्क काढून नव्याला जोडण्याचा मोह सर्वांत घातक. परत जाण्याची वाट तीच होती.

योग्य क्रम असा. आधी एलव्हीएस आज्ञेने पूलचे दोन टक्केवारीचे आकडे पाहावेत, माहितीचा आणि मेटाडेटाचा. मेटाडेटा म्हणजे कुठला ब्लॉक कुणाचा, याची वही. स्नॅपशॉट वाढले की तीही फुगते, आणि ती भरली तर पूल केवळ-वाचन होऊन दुरुस्तीला काढावा लागतो. मग नवी डिस्क गटात घालून पूल वाढवावा. वही भरत आली असेल तर तिलाही जागा द्यावी. हाताशी डिस्क नसेल तर मशीनच्या बाहेरून, सर्व्हरवरून, रविवारचे स्नॅपशॉट काढून टाकावेत. त्यानंतर एकेक मशीन पुढे चालू करावं, डेटाबेस सर्वांत शेवटी, आणि त्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही आत घेऊ नये. सगळं स्थिरावल्यावर स्नॅपशॉट उरले असतील तर तेही काढून टाकावेत आणि डिस्कार्ड चालू करून लिनक्समध्ये एफस्ट्रिम आणि विंडोजमध्ये डिस्क ऑप्टिमाइझ चालवावं. डीडीने लिहिलेली शून्यं आणि जुने अवशेष तेव्हा पूलला परत मिळतात.

निकाल

अकरा वाजता बॅकअप दोषी दिसते. पण बॅकअप तर रोज चालत होती. जागा गेली ती शुक्रवारच्या अपुऱ्या हिशेबात, शनिवारच्या डीडीत, न केलेल्या एका खुणेत आणि रविवारी घेऊन तसेच ठेवलेल्या स्नॅपशॉटमध्ये. चारही ठिकाणी मशीनच्या आतला पडदा समाधानकारक होता आणि पूलचा आकडा खरं सांगत होता. टोयोटातही शून्य तास मंगळवारी दिसला, ठरला रविवारी.

म्हणून मशीन हलवण्याआधी तीन आकडे कागदावर लिहा : कबूल केलेली जागा, साठ्यावर व्यापलेली जागा, आणि मशीनच्या आतली जिवंत माहिती. पहिला आकडा नव्या पूलपेक्षा मोठा असेल तर रोज नजर ठेवणारा माणूस आणि ८० टक्क्यांना त्याच्या फोनवर येणारा इशारा, या दोन्हींशिवाय थिन डिस्क वापरू नका. हलवण्याच्या आदल्या रात्री ट्रिम करा. शून्यं गाळणारं साधन वापरा. प्रत्येक डिस्कवर डिस्कार्डची खूण करा. स्नॅपशॉट घ्या, पण तो काढून टाकण्याची वेळही तेव्हाच ठरवा. बॅकअप दुसऱ्या साठ्यावर ठेवा आणि ती उघडून पाहा. ज्या प्रणालीचा बिघाड होणार तिच्यावरच राखीव यंत्रणा उभी करण्याची किंमत टोयोटाने १४ कारखान्यांत मोजली. जुना सर्व्हर किमान एक महिनाअखेर पार पडेपर्यंत जसाच्या तसा राहू द्या.

पेढी, गोदाम, पतसंस्था किंवा शाळा चालवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. सर्व्हर सांभाळणारा माणूस जास्तीची एक डिस्क मागतो तेव्हा आतल्या पडद्यावरची मोकळी जागा दाखवून त्याला परत पाठवू नका. पूल किती टक्के भरला आहे, हे त्याला विचारा आणि उत्तर ऐंशीच्या पुढे असेल तर त्याच दिवशी डिस्क मागवा.